बातमीतला ‘अनोळखी इसम’ आपल्या घरचा असतो तेव्हा

टीव्हीच्या खालच्या पट्टीवर मृतांचा आकडा धावत असतो, कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकतं आणि तेवढ्यात घरातलं एक माणूस म्हणतं, “अगं, ही तर त्याचीच गाडी.” तिथून पुढचे दोन-तीन दिवस त्या घराचं काय होतं, हे सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसणाऱ्यांना तोंडपाठ असतं. समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलाशी एका बाजूने अपघात विभागातले नातेवाईक येतात, दुसऱ्या बाजूने शवागाराकडचे. दोघांचे प्रश्न सारखेच, आणि दोघांच्या चुकाही दर वेळी त्याच. पुढे लिहिलंय ते त्या टेबलावरून जे दिसतं ते.

पहिली चूक फोनची. बातमी कळताच घरातले दहा जण एकाच नंबरवर फोन लावत बसतात. तो फोन जखमीच्या खिशात असतो किंवा पंचनामा करणाऱ्या हवालदाराच्या हातात, आणि बॅटरी अर्ध्या तासात संपते. खरं तर मयताच्या किंवा बेशुद्ध माणसाच्या खिशातला फोन हाच पोलिसांकडे पहिला धागा असतो. स्क्रीन लॉक असली तरी आलेला फोन उचलता येतो, म्हणून ते वाट बघत असतात. एकाच माणसाने दर पंधरा मिनिटांनी फोन करावा, बाकीच्यांनी हात आवरावा. सोबत एक मेसेज टाकून ठेवावा: “हा फोन ज्यांच्याकडे आहे त्यांनी या नंबरवर कळवावं, मी त्यांचा भाऊ.” मेसेजची सुरुवात लॉक स्क्रीनवर दिसते.

फोन बंद लागला म्हणजे वाईटच झालं, असंही नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा मुंबईतलं मोबाइलचं जाळंच कोलमडलं होतं. धडधाकट माणसं रात्री उशिरा चालत घरी पोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडात धरालीला पूर आला, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक पर्यटकांचा संपर्क तुटला होता आणि नंतर ते सुखरूप असल्याचं कळलं. टॉवर वाहून गेला की सगळेच ‘स्विच ऑफ’.

दुसरं काम मिळालेली बातमी तपासण्याचं. गाडीचा नंबर काय, घटना नक्की किती वाजताची, आपलं माणूस तिथे त्या वेळी असायला हवं होतं का. कामावर पोचला का, हे कचेरीतल्या सहकाऱ्याला विचारावं. खासगी बसची प्रवासी यादी मागवली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: तिकीट बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या नावावर काढलेलं असतं, आणि वाटेत चढलेल्यांची नावं यादीत नसतात. यादीत नाव नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये, आणि नाव आहे म्हणून रडू नये. तिकीट काढून न गेलेली माणसंही असतात. पोलिसांसाठी ११२, रेल्वेसाठी १३९, लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि मुंबई महापालिकेसाठी १९१६. माणूस हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, हा निव्वळ गैरसमज आहे. तक्रार लगेच नोंदवता येते, आणि ती कोणत्याही ठाण्यात देता येते.

आता घरातून कोण निघायचं. दोघांनी. एकाने कधीच जाऊ नये, आणि आईला पहिल्या फेरीत नेऊ नये. तिसरा माणूस घरी थांबतो. त्याच्याजवळ चार्ज केलेला फोन आणि एक वही. कुठून, किती वाजता, कुणी, काय सांगितलं हे तो लिहीत राहतो. वही लहान गोष्ट वाटते, पण दुसऱ्या दिवशी “त्या साहेबांनी कोणत्या हॉस्पिटलचं नाव घेतलं होतं?” हे कुणालाच आठवत नाही.

जाताना बरोबर काय न्यायचं? अलीकडचा फोटो, आणि शक्य तर हसताना दात दिसणारा. पुढच्या दोन दातांमधली फट किंवा तुटलेला कोपरा नावापेक्षा जास्त बोलतो. त्या दिवशीच्या कपड्यांचा फोटो सोसायटीच्या सीसीटीव्हीत किंवा सकाळच्या स्टेटसमध्ये सापडतो. मग अंगावरच्या खुणा कागदावर लिहून काढाव्यात: ऑपरेशनचा व्रण कुठे आणि केवढा, गोंदण, तीळ, पायाच्या हाडात बसवलेली धातूची पट्टी, दाताची कॅप, चपलेचा नंबर, शर्टावरचं शिंप्याचं लेबल. हाडात बसवलेल्या पट्टीवर किंवा पेसमेकरवर बनवणाऱ्याचा क्रमांक असतो, आणि तो ऑपरेशनच्या जुन्या फाइलमध्ये चिकटवलेला असतो. ती फाइल कपाटातून काढून ठेवावी. दंतवैद्याकडे एक्स-रे असेल तर तोही.

रुग्णालयात आधी जखमींकडे, मग शवागाराकडे. हे केवळ धीर धरायला सांगतो म्हणून नाही. जखमी एकाच ठिकाणी जात नाहीत. जो रिक्षावाला किंवा ॲम्ब्युलन्स जिथे नेईल तिथे पडतात आणि तिथून दुसरीकडे हलवलेही जातात. मुंबईत एका घटनेतली माणसं केईएम, सायन, नायर, कूपर अशी विखुरतात. शिवाय अपघात विभागाच्या रजिस्टरमधलं नाव कुणीतरी रस्त्यावरच्या माणसाने सांगितलेलं, घाईत इंग्रजीत लिहिलेलं असतं. म्हणून नुसतं नाव विचारू नये. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: या नावाचं कुणी आहे का, ‘अनोळखी’ म्हणून किती जण दाखल आहेत, त्यांचं अंदाजे वय आणि कपडे काय, आणि इथून दुसऱ्या रुग्णालयात कुणाला पाठवलं. बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचा माणूस ‘अनोळखी पुरुष, अंदाजे ३५’ एवढ्याच नावाने आयसीयूत असतो आणि घरचे शवागाराच्या दारात उभे असतात, हे दर मोठ्या घटनेत होतं. माणूस सापडला तर एमएलसी नंबर, म्हणजे पोलिसांशी संबंधित प्रकरणाचा रुग्णालयातला नोंद क्रमांक, लिहून घ्यावा. पुढचा प्रत्येक कागद त्याच नंबराने शोधला जातो.

जखमींमध्ये नाही सापडला, तर शवागार.

इथे थोडं थांबतो, कारण याबद्दल बाहेर रागच जास्त असतो. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर सकाळच्या पावसात चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. (ते स्थानक आता प्रभादेवी.) केईएममध्ये मृतांच्या कपाळावर शाईने आकडे लिहिले गेले आणि त्यांचे फोटो एकत्र लावून नातेवाइकांना दाखवले गेले. मोठा गदारोळ झाला. कपाळ निवडायला नको होतं, हे आम्हालाही वाटतं. मनगटाला पट्टी बांधून फोटोत पाटी धरता आली असती. पण फोटो आणि क्रमांक ही पद्धत मात्र बरोबरच आहे. क्रमांक नसेल तर प्रत्येक घराला एकेका देहावरची चादर उचलून बघत जावं लागतं. शंभर माणसं एका खोलीत घुसतात, किंकाळ्या होतात, दागिने इकडचे तिकडे होतात आणि एखादं घर चुकीचा देह घेऊन जातं. फोटोवरून वीसपैकी अठरा बाजूला होतात आणि प्रत्यक्षात एकच पाहावा लागतो. फोटो दाखवत असतील तर तो मागून घ्यावा. “आम्हाला प्रत्यक्षच बघायचंय” असा हट्ट धरू नये.

पाहताना चेहऱ्यावर भरवसा कमी ठेवा. चेंगराचेंगरीत छाती दाबून मृत्यू आलेला असेल, तर चेहरा आणि मान जांभळी-निळी पडते, सुजते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं. सख्खा भाऊही ओळखू येत नाही. पाण्यातून काढलेला देह फुगलेला असतो. जबडा सैल पडला, केस ओले होऊन मागे गेले, चष्मा नाही, एवढ्यानेही चेहरा परका होतो. याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त धोक्याचं. रात्रभर चार रुग्णालयं पालथी घातलेला माणूस शेवटी कुठेतरी “हो, हाच” म्हणून टाकतो, कारण त्याला ते शोधणं संपवायचं असतं. म्हणून क्रम असा ठेवावा: शवागारातल्या कर्मचाऱ्याला आधी हात, पाय आणि घरून लिहून आणलेली खूण दाखवायला सांगा, चेहरा शेवटी. दोघांनी स्वतंत्रपणे पाहावं आणि एकमेकांशी न बोलता सांगावं. फक्त कपड्यांवरून हो म्हणू नका. एकाच कंपनीचा गणवेश वीस जणांच्या अंगावर असतो. घड्याळ-अंगठीचंही तेच, जखमीला उचलताना निघालेली वस्तू शेजारच्या देहावर ठेवली गेलेली असू शकते.

संशय असेल तर “खात्री नाही” म्हणा. तसं म्हटल्याने कुणी रागावत नाही, देह ठेवून घेतात. २ ते ४ अंश तापमानात देह काही दिवस चांगला राहतो. चुकीची ओळख दुरुस्त करणं मात्र भयंकर असतं, कारण तोवर एका घरात अग्नी दिलेला असतो आणि दुसऱ्या घराचं माणूस कायमचं गेलेलं असतं. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसचा अपघात झाला, तेव्हा एकेका देहावर एकापेक्षा अधिक घरांनी हक्क सांगितला होता. शेवटी डीएनए करावं लागलं, आणि कुणीच न नेलेल्या २८ देहांवर ऑक्टोबरात भुवनेश्वरला अंत्यसंस्कार झाले.

आगीतल्या घटनांमध्ये डोळ्यांनी ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे तीनच गोष्टींवर भरवसा ठेवतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली, २५ जण गेले. देह ओळखण्यापलीकडे होते आणि डीएनएसाठी थांबावं लागलं असतं, म्हणून नातेवाइकांशी बोलून बहुतेकांवर बुलढाण्यातच एकत्र अंत्यसंस्कार केले गेले. काही घरांना ते पटतं, काहींना जन्मभर खुपतं. बाहेरच्या माणसाने यावर मत देऊ नये.

डीएनएचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण नातेवाईक चुकीच्या माणसाला रांगेत उभं करतात. नवरा किंवा बायको चालत नाही. दोघांत रक्ताचं नातं नाही. सर्वांत चांगले आई-वडील, नाहीतर मुलं. मुलाचा नमुना घेताना त्या मुलाच्या दुसऱ्या पालकाचाही घेतला, तर हिशेब पक्का होतो. तिथे बायको उपयोगी पडते. भावंडं शेवटी, आणि एकापेक्षा जास्त असली तर बरं, कारण दोन सख्ख्या भावंडांत किती अंश जुळेल हे ठरलेलं नसतं. एकाच घरातले बाप-लेक किंवा दोन भाऊ दोघेही त्याच घटनेत गेले असतील, तर हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर एकाचा अहवाल दुसऱ्यावर लागू शकतो. दत्तक मूल असेल तर तेही सांगावंच लागतं. हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नये, म्हणून आम्ही बाजूला घेऊन विचारतो. ज्याचा नमुना घ्यायचा त्याला अलीकडे रक्त चढवलेलं असेल किंवा बोनमॅरो प्रत्यारोपण झालेलं असेल, तरी सांगा.

रक्त थोडंसंच लागतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर किंवा बोट टोचून विशेष कागदावर थेंब. उपाशीपोटी यायची गरज नाही. सोबत फोटो लावलेला ओळख फॉर्म, अंगठा, दोन साक्षीदार आणि आधार. नळीवर सील लागतं ते तुमच्यासमोर. सील लावताना नळीवरचं नाव वाचून घ्या. गेलेल्या माणसाचा दात घासायचा ब्रश, दाढीचं ब्लेड, कंगवा असेल तर धुऊ नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. ओलाव्याने खराब होतं. कागदी पाकिटात, प्रत्येक वस्तू वेगळी. मृतदेहातून बहुधा दाढ किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा घेतात, कारण भाजलेल्या देहात तिथलंच डीएनए टिकतं. महाराष्ट्रात नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुंबईत तिला सगळे ‘कलिना’ म्हणतात.

किती दिवस लागतात? १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान वसतिगृहावर कोसळलं, २६० माणसं गेली. त्यांत मुंबई-डोंबिवली-बदलापूर-पनवेल पट्ट्यातले कर्मचारीही होते. गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी त्याच विमानात होते. त्यांचीही ओळख डीएनएने पटली ती तीन दिवसांनी, १५ जूनला. डीएनएसाठी विरघळवायचं हाड ओळखीपाळखी, मंत्र्याचा फोन यांनी लवकर विरघळत नाही. नातेवाइकांचं रक्त एका दिवसात वाचून होतं. वेळ खातं ते जळालेलं हाड, आणि कधीकधी पहिल्या तुकड्यातून काहीच मिळत नाही, मग दुसरा घ्यावा लागतो.

एक प्रश्न असा आहे की तो विचारला की नातेवाईक आमच्याकडे चिडून बघतात. “नंतर आणखी काही अवशेष जुळले तर कळवायचं का?” स्फोट, विमान, आग यांत एका माणसाचे अवशेष वेगवेगळ्या दिवशी जुळत जातात. हो म्हटलंत तर तेराव्यानंतरही फोन येऊ शकतो आणि पुन्हा एक विधी करावा लागतो. नाही म्हटलंत तर प्रशासन मानाने अंत्यसंस्कार करतं. उत्तर कोणतंही चालतं, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून एकाने लेखी द्यावं. हे न ठरवलेल्या घरांत पुढे भांडणं झालेली पाहिली आहेत.

ओळख पटली की पोलिसांचं काम सुरू होतं: अकस्मात मृत्यूची नोंद, म्हणजे एडीआर, मग इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे देह पाहून केलेली नोंद, मग पीएम, म्हणजे शवविच्छेदन. आणि इथेच या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण असतो, जो कुणाच्या लक्षातही येत नाही. हवालदार विचारतो, “मयताचं नाव?” नातेवाईक तोंडी सांगतो आणि तो लिहितो. त्या क्षणी लिहिलेलं नाव पंचनाम्यातून पीएम रिपोर्टात, तिथून मृत्यू दाखल्यात, तिथून बँक, विमा, पीएफ, न्यायाधिकरण असं सगळीकडे जातं. घरात ‘बाळू’ म्हणून हाक मारतात म्हणून भाऊ ‘बाळू’ सांगून मोकळा होतो. बाई असेल तर माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. नंतर ते एक नाव दुरुस्त करायला पोलीस ठाणं, रुग्णालय आणि जन्म-मृत्यू कार्यालय अशी तिन्ही दारं पुन्हा चढावी लागतात, आणि प्रत्येक जण म्हणतो आधी त्यांच्याकडचं बदलून आणा. त्यामुळे तोंडी सांगूच नका. आधार कार्ड समोर ठेवा, ते बघूनच लिहायला सांगा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग. दोन नावं असतील तर ‘उर्फ’ घालून दोन्ही. सही करण्याआधी वाचा. हात थरथरत असेल तर बरोबरच्या दुसऱ्याला वाचायला द्या. या कामासाठीच दोघांनी जायचं असतं.

पंचनाम्यात अंगावरच्या वस्तूंची यादी असते: साखळी, पाकीट, रोख किती, फोन. रेल्वेची घटना असेल तर पास किंवा तिकीट त्या यादीत आलंय का, हे डोळ्यांत तेल घालून बघावं. हल्ली पास फोनमध्ये असतो, कागद नसतो. तसं असेल तर “पास मोबाइलमध्ये आहे” हे पंचनाम्यात किंवा जबाबात लिहून घ्यायला सांगा. का, ते पुढे येतं.

पीएमसाठी पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. सूर्यास्तानंतर पीएम होत नाही, हा नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने बदलला. सोय असलेल्या रुग्णालयात रात्रीही करता येतं, मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय अशा प्रकरणांत सहसा नाही. नेत्रदान करायचं असेल तर साधारण सहा तासांच्या आत आणि पोलिसांना सांगून. कागदावर मृत्यूचं कारण ‘राखून ठेवलं’ असं आलं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला असेल, तर अहवालाला महिने लागतात. अंत्यसंस्कार त्यासाठी अडत नाहीत. देह ताब्यात घेतल्याच्या पावतीवर सही करताना पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक पावतीशी जुळवून बघा. गावी न्यायचा असेल तर पोलिसांचं ना हरकत पत्र गाडीत ठेवावं. विमानाने न्यायचा असेल तर एम्बामिंगचा, म्हणजे देह टिकवण्यासाठी केलेल्या रासायनिक प्रक्रियेचा, दाखलाही लागतो.

मृत्यू नोंदतो तो जिथे घडला तिथे. माणूस साताऱ्याचा, मृत्यू ठाणे शहरात, तर दाखला ठाणे शहराचाच. गावच्या ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालून उपयोग नाही. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्षापुढे दंडाधिकाऱ्याचा आदेश. रुग्णालयात मृत घोषित झाला असेल तर नोंद रुग्णालय पाठवतं, पण ती गेली का हे आठवड्याने विचारावं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा.

देह सापडलाच नाही तर? कायद्याप्रमाणे सात वर्षं माणसाची कुणालाच काही खबर लागली नाही तर तो मृत धरतात. पण मोठ्या आपत्तीत सरकार वेगळी वाट काढतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ देह सापडले, ५७ माणसं मातीखालीच राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. अशा वेळी तहसीलदारांकडे आधी बेपत्ता असल्याची तक्रार, तो माणूस त्या रात्री तिथेच होता याचे पुरावे, शेजाऱ्यांचे जबाब असं सगळं जमवावं लागतं. रेशन कार्ड, मतदार यादी, शेवटचा फोन कुठल्या टॉवरवरून झाला, हे त्या दिवसांत कामाला येतं.

पैशांचं बोलायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून ते बोलणं दलालांकडे जातं. शवागाराच्या फाटकाशी कार्ड वाटणारे उभे असतात, ‘निम्मे तुमचे’ म्हणतात. कोऱ्या कागदावर किंवा वकीलपत्रावर त्या दिवशी सही करू नका. कोणताच दावा आठवडाभरात बुडत नाही. नैसर्गिक आपत्तीत मृताच्या वारसांना चार लाखांची मदत आहे. रेल्वेतून पडून किंवा रेल्वे अपघातात मृत्यू आला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात आठ लाखांचा दावा करता येतो, एका वर्षाच्या आत. रूळ ओलांडताना गेला असेल तर मात्र सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच पंचनाम्यातली एक ओळ, ‘गाडीतून पडून’ की ‘रूळ ओलांडताना’, फार महत्त्वाची. पास आणि तिकिटाचं कारणही हेच: माणूस खरा प्रवासी होता हे दाखवावं लागतं. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलं आहे. प्रतिज्ञापत्राने सुरुवात करता येते. आरक्षित ऑनलाइन तिकीट असेल तर काढताना विम्याचा पर्याय निवडला होता का बघा. त्यात मृत्यूसाठी दहा लाख आहेत.

आणि पासबुक उघडा. वर्षातून एकदा वीस रुपये कापले गेलेले दिसतात का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती, तिचेही दोन लाख. बँकेत खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि घरात पत्ताच नसतो. पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा वेगळा, तो सात लाखांपर्यंत जातो. हे सगळे दावे लवकर, शक्यतो महिन्याच्या आत, त्याच बँकेतून किंवा कंपनीतून करायचे.

टीव्ही बंद करावा. तेच दृश्य दिवसभर फिरत राहतं आणि घरातलं लहान मूल ते प्रत्येक वेळी नव्याने घडतंय असं समजतं. म्हाताऱ्या आई-वडिलांना सांगायचं काम घरातल्याच एकाने करावं, आणि वाहिनीवर नाव येण्याआधी. “सिरीयस आहे” असं म्हणून गाडीत बसवू नये. शेजारीण फोन करून हळहळ व्यक्त करते आणि त्यांना खरं तिथून कळतं. वार्ताहर आले तर एकच माणूस बोलेल, दोन वाक्यं बोलेल आणि नावाचं स्पेलिंग लिहून देईल. न दिल्यास ते चुकीचं नाव छापतात आणि तेच कात्रण पुढे लोक पुरावा म्हणून घेऊन येतात.

गेलेल्या माणसाचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. बँकेचे ओटीपी, पीएफचं खातं, मोबाइलमधला पास, सगळं त्याच नंबरावर आहे. किमान वर्षभर, दावे निकाली निघेपर्यंत, त्यात थोडं रिचार्ज राहू द्या. त्या नंबरावर “नुकसानभरपाई मंजूर झाली, प्रोसेसिंग फी भरा” असे फोनही येतील. मृतांची यादी पेपरात छापून आलेली असते, ती फसवणाऱ्यांनीही वाचलेली असते. भरपाईसाठी कुठलंही सरकारी कार्यालय आधी पैसे मागत नाही. पोलिसांकडून परत मिळालेला फोन चार्ज करून कपाटात ठेवा, आणि पाकिटातला कागदी पास असेल तर तो दुमडू नका; मूळ पासच न्यायाधिकरणात दाखवावा लागतो.